शोभाबाईचं घरकुल

शोभाबाई लग्न होऊन या तालुक्याच्या गावी आली तेव्हा गावाबाहेरच्या उतारावर नुसत्या बाभळी होत्या. नवरा तानबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. दोघांनी मिळून तिथंच मातीच्या दोन खोल्या उभ्या केल्या, वर टिनं टाकली. पुढं तानबा गेला, मुलगा प्रफुल मोठा होऊन घरं रंगवायला लागला, सून सपना आली. गाव वाढत वाढत उताराच्याही पलीकडं गेलं. शोभाबाईचं घर मात्र होतं तेवढंच राहिलं. पोळ्याच्या आधी ती भिंती स्वतः लिपायची, सुनेलाही हात लावू द्यायची नाही.

नगरपालिकेची घरकुल योजना वॉर्डात आली. जागेचा पट्टा शोभाबाईच्या नावावर होता, म्हणून मंजुरीही तिच्याच नावानं आली. पाहणीला आलेला इंजिनिअर बोलायला चांगला होता. जुनं घर पाडा, मोकळ्या जागेचा फोटो गेला की पहिला हप्ता सुटेल, असं त्यानं सांगितलं.

“पाडलं आन् पैसे नाई आले तं?” शोभाबाईनं विचारलं.

“येतात आजी. सरकारी काम आहे.”

“माय, पावसाळ्याच्या आंधी स्लॅब पडते,” प्रफुल म्हणाला. “तू काऊन एवढी भेऊन राह्यली?”

तिनं अंगठा दिला. पाडायच्या दिवशी ती शेजारच्या सुलोचनाबाईकडे जाऊन बसली. मातीच्या भिंतींना वेळ लागला नाही. संध्याकाळी तिघं जण अण्णाजींच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले. अण्णाजी म्हणजे निवृत्त कारकून, शांत माणूस.

पहिल्या हप्त्यात जोतं झालं, दुसऱ्यात भिंती उभ्या राहिल्या. मग हप्ते थांबले आणि मिस्त्री दुसऱ्या कामावर गेला. जाताना भिंतींवर पाणी मारत जा, एवढं सांगून गेला. शोभाबाई रोज सुलोचनाबाईच्या नळावरून बादली भरून न्यायची आणि तांब्यानं भिंती भिजवायची. पावसाळा येऊन गेला तरी तिनं ते सोडलं नाही.

“आता कायले पानी टाकता, आई?” सपना म्हणायची.

“खोलीत बसून काय करू? ते काय आपलं घर हाय?”

सपना नगरपालिकेत खेटे घालत राहिली. उत्तर ठरलेलं असायचं: वरून निधी आला नाही, आला की खात्यात पडेल. तुमचंच नाही, अख्ख्या वॉर्डाचं अडलं आहे.

अशात एक बातमी आली. नव्या ले-आऊटमध्ये इमारत बांधणाऱ्या बिल्डरला नगरपालिकेनं एक मजला जास्त बांधायची परवानगी दिली होती. त्या बदल्यात त्यानं काही लहान घरं गरिबांना स्वस्तात द्यायची होती. सपना सासूला घेऊन अर्ज भरायला गेली. खिडकीतल्या मुलीनं आधार नंबर टाकला आणि मान हलवली.

“यांना घर मिळालेलं आहे.”

“नाई मिळालं, मॅडम. नुसत्या भिंती हायेत.”

“इथं लाभार्थी दाखवतंय. एका कुटुंबाला एकदाच मिळतं.”

“मंग आमचं नाव काढून टाका.”

“त्यासाठी घेतलेले हप्ते परत भरावे लागतील.”

परत येताना शोभाबाई म्हणाली, “घर होतं तवा ह्यायच्या लेखी आपन बिनघराचे होतो. आता नाई, तं घरवाले झालो.”

त्या लहान घरांना रंग द्यायचं काम प्रफुललाच मिळालं. नाही म्हणणं परवडण्यासारखं नव्हतं. त्यानं सगळी घरं रंगवली, पण आईला त्याबद्दल काही सांगितलं नाही.

थंडीत शोभाबाईच्या छातीत कफ धरला. सावंगीच्या दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. प्रफुल तिचा देह घेऊन आला तेव्हा अण्णाजी फाटकाशी उभे होते.

“प्रफुल, राग नको मानू. भाड्याच्या खोलीतून मयत निघाली तं मंग कोनी खोली घेत नाई. मलेही पोट हाय.”

प्रफुल भांडला नाही. त्यानं गाडी उताराकडं वळवायला सांगितली. बिनछताच्या भिंतींत सपनानं जमीन झाडली आणि शोभाबाईला तिथं ठेवलं. दार अजून बसवलं नव्हतं, त्यामुळे तिरडी बाहेर काढायला अडचण आली नाही. खांदा द्यायला अण्णाजीही आले. घाटावर ते सगळ्यांत मागं, एकटेच उभे राहिले.

लाभार्थीच वारल्यामुळे आधी वारसाची नोंद करावी लागेल, असं नगरपालिकेनं सांगितलं. सपनानं ती केली. त्यानंतर इंजिनिअरची बदली झाली आणि नवीन आलेल्यानं पुन्हा पाहणी करावी लागेल, असं सांगितलं. पाहणीला कोणी आलं नाही. भिंतींतून वर आलेल्या सळया गंजत गेल्या.

आता प्रफुल आणि सपना कारंजा घाडग्याला असतात. हायवेवरच्या एका ढाब्यामागं खोली मिळाली आहे. सपना ढाब्यावर पोळ्या लाटते, प्रफुल मिळेल तिथं रंग देतो. मध्ये सुलोचनाबाईनं फोन केला. भिंतींच्या आत लोक कचरा टाकून राह्यले, येऊन पाहून जा, असं तिचं म्हणणं होतं.

“येऊन काय करू, मावशी?” सपना म्हणाली. “टाकू द्या.”