मुठीएवढी जागा

युसूफ पेंटर गेल्याचं मला त्याच्या बायकोनं, शमीमभाभींनी, फोनवर कळवलं. दुपारची नमाज पढून तो भिंतीला टेकून बसला आणि उठलाच नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मी वेळ विचारली, आधी छातीत दुखत होतं का तेही विचारलं. सगळा जन्म मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात गेला. अशा वेळी तोंडून असलेच प्रश्न निघतात.

युसूफ मूळचा नेकनूरचा. गावोगावच्या सोसायट्यांचे, दूध संघांचे फलक रंगवून त्याचं घर चालायचं. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, सोसायट्यांना कुलपं लागली. बंद दारावर नाव रंगवून घ्यायला कोण बोलावणार? तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं तो आमच्या विभागात रोजंदारीवर तक्ते काढायला आला. हात स्वच्छ होता, पण पुस्तकातली चित्रं उतरवायला तो राजी नव्हता. मला प्रत्यक्ष बघू द्या, म्हणाला. पहिल्याच दिवशी विच्छेदनगृहात पालथ्या ठेवलेल्या एका बेवारस देहापाशी तो तासभर उभा राहिला, आणि हळूच म्हणाला, "साहेब, ह्या माणसानं लई ओझं वाहिलंय." मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू खरोखरच जाड झालेला होता. त्याच देहावर मी आठवडाभर शिकवत होतो. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

कॉलेजचे तक्ते संपल्यावर तो स्वतःची चित्रं काढू लागला. शिरूर कासारकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर साखर कारखान्यावर जायचा, कोप्यांच्या, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांच्या, बाहेर बसून माणसं काढायचा. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, पण कातडी काढल्यासारखी. दबलेले मणके, ताणलेल्या शिरा, सगळं जागच्या जागी. रविवारी ते कागद घेऊन माझ्याकडे यायचा आणि मी लाल पेन्सिलीनं चुका दाखवायचो. चुका फार नसायच्या.

अशाच एका टोळीत कौसाबाई होती. नवरा शेजारी बसलेला असताना तिनं युसूफला आपली पाठ काढू दिली. चित्र बघून झाल्यावर तिनं विचारलं, की ऐन तरुणपणी डॉक्टरनं आपली पिशवी काढली, ती नेमकी कुठं होती? गर्भाशयाला तिकडे पिशवीच म्हणतात. पाळीपायी तोडीत खाडे पडू नयेत म्हणून कित्येकींची ती काढून टाकतात. युसूफला सांगता येईना. रविवारी त्यानं मला जागा आणि आकार विचारला. मी म्हणालो, ओटीपोटात, मुठीएवढी. पुढच्या खेपेला त्यानं तिला ते हुबेहूब काढून नेऊन दिलं. तिनं कागदावर आपली मूठ ठेवून पाहिली आणि म्हणाली, "एवढुशीच व्हती व्हय?" मग कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि उसाच्या फडात निघून गेली. हे सांगताना युसूफ माझ्याकडे बघत नव्हता.

त्यानंतर त्यानं पिशवी काढलेल्या बायकांची बारा चित्रं काढली. मुंबईच्या एका कलादालनात ती लागली, तेव्हा मी मुद्दाम गेलो. प्रत्येकीच्या ओटीपोटात मुठीएवढा कागद कोरा सोडलेला. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, की हे शास्त्राला धरून नाही. गर्भाशय काढलं की आतडी खाली सरकतात, पोकळी अशी राहत नाही.

"तुमच्या पुस्तकात भरती जागा, साहेब," तो म्हणाला. "ह्या बायांची न्हाई भरत."

मला राग आला. पुढे वर्षभर आमचं बोलणं तुटकच राहिलं. पहिला फोन त्यानंच केला, गुडघ्याच्या वाटीबद्दल काही विचारायला… शास्त्र म्हणून मला त्याचं म्हणणं आजही पटत नाही. पण त्या बारा चित्रांत मला लाल पेन्सिल उचलावीशी वाटली नाही, हेही खरं आहे.

तीन आठवड्यांनी नेकनूरला गेलो. त्याच्या खोलीत रंगांचा वास तसाच होता. भिंतीवर बाईच्या शरीराचा एक मोठा तक्ता होता, मी कधी न पाहिलेला. शमीमभाभी चहा ठेवत होत्या, तेवढ्यात दारात दोन बायका आल्या. युसूफ गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. भाभींनी त्यांना आत घेतलं. मग मला सांगितलं, की बाया बऱ्याच दिवसांपासून अशा येतात. ऑपरेशन सांगितलं की आधी इथं येऊन, काय काढणार ते समजून घेतात. युसूफ तक्त्यावर दाखवायचा आणि मोठ्या दवाखान्यात आणखी एकदा विचारा म्हणायचा.

त्यातली लहान तिशीचीही नसेल. पिशवी काढायला सांगितली होती, ऊसतोडीला टोळी निघायच्या आत. ती तक्त्याकडे बघत उभी राहिली. भाभींनी युसूफची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"साहेब, आता तुमीच सांगा."

कागदावर डॉक्टर असूनही मी जन्मभर फक्त मृतांना हात लावला होता. मी खुर्चीत बसलो, तिला समोर बसायला सांगितलं आणि विचारलं, "बाई, दुखतं कुठं?"