पाण्याचा माल

ती केस मले आजबी कालच्यासारखी आठवते.

मी फार शिकली नाही. सातवीत शाळा सुटली, मंग लग्न झालं. मालक पोलिसात सिपाही होते. बिमारीत ते गेले, अन् त्यायच्या जाग्यावर मले घेतलं. लेकरं लहान होती, रडाले टाइम नव्हता. हवालदार होऊन रिटायर झाली.

तवा मी इतवारी बाजाराकडच्या ठाण्यात होती. शहराबाहेरच्या एका कारखान्यातून एक पेटी गायब झाली. पाणबुडीतून जे मिसाइल सोडतात, त्याचे बारके इलेक्ट्रॉनिक पार्ट होते त्यात. कशाचे पार्ट हायेत ते बाहेर सांगाचं नाही, असा हुकूम होता.

मंग खबऱ्यानं टिप देली. गल्लीतला एक भंगारवाला फोनवर म्हणून राहिला होता, "पाण्याचा माल आला, लवकर या." चौकशीले बाहेरून आलेले साहेब म्हणाले, पार्ट पाण्याखालचे हायेत हे याले समजलंच कसं? हा साधा चोर नाही, दुश्मनाचा माणूस हाय.

त्याले उचलून आणलं. बाहेरचे साहेब सवाल करत होते, मी दरवाज्यात उभी होती.

"माल पाण्याचा होता?"

"हो साहेब, पाण्याचाच."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगाले काहून लागते? पाहिलं का समजते."

जसं जसं तो खरं सांगे, तसा तसा आणखी फसे. देशाशी गद्दारीचं कलम लागणार होतं. म्हणजे जिंदगी जेलात.

त्याच्या बायकोची चौकशी माह्याकडं होती. बाकावर बसली होती, चहाले हात लावे ना. म्हणे, "बाई, पाण्याचा माल घेतला म्हणून एवढं? मंग अर्धी इतवारी आत टाका लागन तुमाले."

"अर्धी इतवारी पाणबुडीचे पार्ट घेते काय वं?" हुकूम विसरून माह्या तोंडून निघून गेलं.

"कोणती बुडी?" तिनं कानातला डूल वढून दाखवला. "हे पाहा. हेबी पाण्याचेच हायेत. लग्नात यानं सोन्याचे म्हणून देले होते."

सोन्याचं पाणी. मालकाच्या दवाखान्यात माहं सोनं गेलं, तवापासून मीबी तसेच मणी घालत होती.

मी जाऊन ठाणेदार साहेबाले सांगितलं. ते ऐकून घेणारे होते. त्यायनं आत जाऊन एकच सवाल केला, "कशाचं पाणी गा?"

"सोन्याचं न साहेब. त्या पिनायवर पाणी चढवलं राहते, तेजाबात टाकलं का सोनं सुटते. टीव्हीचे पार्ट असन म्हटलं, अन् सोनं काढणाऱ्याले फोन केला."

 मंग बाहेरचे साहेब स्वतःच जबानी पुन्हा लिहाले बसले.

माल आजून तेजाबात गेला नव्हता. दुकानातल्या डब्यात सारा भेटला, पंचनामा झाला. भंगार आणणाऱ्या टेम्पोवाल्याचं नाव त्यानंच सांगितलं, अन् टेम्पोवाल्यानं कारखान्यातल्या माणसाचं. त्यानंबी पार्ट सोन्यापायीच चोरले होते. भंगारवाला साक्षीदार झाला.

घरी जाताना बायको त्याले म्हणे, "आता फोनवर सिद्धं बोलत जाय गा."

"सिद्धं सोनं म्हटलं असतं, तं पोलिसाच्या आंधी चोर आले असते."

ठाणेदार साहेब हासले. त्या नोकरीनं माह्या लेकरायले पोसलं, साहेबायनं मले मान देला, ते कधी विसरणार नाही. पण त्या बाईचे उपकार वेगळे. तिनं डूल दाखवला नसता, तं एक माणूस खरं बोलून जेलात गेला असता, अन् त्याले गाडीत मीच बसवून देलं असतं.

त्याच्यानंतर कोणी काही कबूल केलं, का मी आंधी विचारत जाय, "म्हणजे काय गा?" ठाण्यातल्या नव्या पोरी हासत. मी हासू देत जाय.