रिकामं दुकान

बंगालमधल्या शांतिपूरच्या बाजारात सुबल बसाकसारखा हसवून साडी विकणारा दुसरा कुणी नव्हता. साडी तो स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि नव्या सुनेसारखी मान खाली घालायचा. बायका हसून बेजार व्हायच्या आणि एक घ्यायला आलेल्या दोन घेऊन जायच्या. संध्याकाळी मिठाईवाला निमाई कुंडू चुरमुरे आणि वांग्याची भजी घेऊन यायचा. मग गठ्ठ्यांना टेकून दोघं अंधार पडेपर्यंत एकमेकांची टर उडवायचे. बायको गेल्यापासून सुबल त्या संध्याकाळसाठीच दिवस काढायचा.

मुलाने, तुहिनने, दुकान फेसबुकवर नेलं तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. साड्यांचे फोटो काय, सगळेच टाकतात. एका दुपारी म्हातारा जेवून पेंगत होता. तुहिनने त्याचा तसाच व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, ‘माझ्या बाबांच्या दुकानात आज एकही गिऱ्हाईक आलं नाही.’ दिल्लीपासून दुबईपर्यंतच्या बंगाली बायका रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांनी साड्या मागवल्या.

तेव्हापासून सुबलला हसायची बंदी झाली. दुकान रिकामं दिसायला हवं म्हणून आलेल्या गिऱ्हाइकांना तुहिन मागच्या दाराने घरात न्यायचा. नवा पंखा त्याने उतरवला. चष्म्याची काडी धडधाकट होती, तिला दोरा बांधला. सुबल कुरकुरला, पण दुर्गापूजा तोंडावर आली होती आणि कधी नव्हे तो पोराचा जम बसत होता. फक्त एकच त्याने बजावलं, निमाई येणार. बाकी हवं ते कर.

निमाई येतच राहिला. एकदा तो दोरा बघून म्हणाला, "काय रे सुबल, तुझ्या श्राद्धाची वर्गणी पोरगं आत्तापासूनच गोळा करतंय का?"

सुबल इतका हसला की चुरमुरे नाकात गेले. रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या मुलीने नेमकं तेच टिपलं आणि ‘हाच का तो दुःखी म्हातारा?’ असं लिहून फेसबुकवर टाकलं. परवा डोळे पुसणाऱ्या बायकाच आता त्याला ढोंगी, लुच्चा, मेला म्हणू लागल्या. मागवलेल्या साड्या भराभर नको झाल्या.

तुहिनने बापाला फोनसमोर बसवलं. काय बोलायचं ते पाठ करून घेतलं. तो हसवणारा माणूस माझा कुणी नाही, दारू पिऊन येतो, मला म्हाताऱ्याला छळतो, मी भीतीने हसलो.

"निमाईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे," सुबल म्हणाला. "त्याने दारूचा वाससुद्धा घेतला नाही कधी."

"निमाईकाका कुठे बघतात फेसबुक?"

"गाव बघतं ना."

"मग लावू कुलूप दुकानाला? सांगा तसं."

सुबलने सांगितलं नाही. तो कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागला, आणि ‘माझा कुणी नाही’ म्हणताना त्याला हुंदका फुटला. इतके दिवस जे पाणी डोळ्यांत आणू म्हटलं तरी येत नव्हतं, ते आता थांबेना. त्याने हात हलवून पुरे म्हटलं. तुहिनने फोन आणखी जवळ नेला.

लोकांनी त्याला माफ केलं. त्या व्हिडिओवर जितक्या साड्या गेल्या तितक्या सुबलने उभ्या जन्मात विकल्या नव्हत्या.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने गठ्ठ्याशेजारची जागा झाडून ठेवली. निमाई आला, हातात पुडी होती. पण तो पायरी न चढता समोरच्या चहावाल्याकडे वळला. तिथली माणसं त्याच्याकडे बघून हसत होती.

"निमाई, ये ना रे," सुबलने हाक मारली.

निमाई वळला. "कोण बोलावतंय?" त्याने मोठ्याने विचारलं. "माफ करा हं, बाबू, आम्हा दारुड्यांना लांबचं दिसत नाही." पुडी तिथल्या कुत्र्यापुढे रिकामी करून तो चालता झाला. पुन्हा त्या रस्त्याने तो कधी आला नाही.

सुबल अर्धा उठला आणि पुन्हा गठ्ठ्याला टेकला. झाडलेल्या जागेवर हात ठेवून तो तसाच दाराकडे बघत राहिला.

"हलू नका, बाबा," तुहिन हळूच म्हणाला. त्याने फोन आधीच वर धरला होता.