लग्नाच्या घोडीवर सेनापती

कॉलेजात आयुष्यभर स्वातंत्र्ययुद्धं शिकवून माझं एक मत झालं आहे. फौज म्हणजे मुख्यतः चालणं, थांबणं आणि जेवणाची वाट पाहणं. लढाई क्वचित होते, आणि सेनापतीलाही ती नंतर चित्रात पाहिल्यावरच नीट कळते. त्यामुळे आमच्या अकोल्याच्या कॉलनीने पंधरा ऑगस्टला मैदानात इंग्रजांशी लढाईचं नाटक करायचं ठरवून लेखन माझ्याकडे सोपवलं, तेव्हा मी अर्धा वेळ सैन्य भाकरी थापताना दाखवलं होतं. समितीने ती पानं काढून टाकली. सेनापतीला नाव द्यायचं नाही, ही माझी अट मात्र लगेच मान्य झाली. बिननावाच्या शूराच्या भावना दुखावायला कोणी नातेवाईक येत नाही.

लढणार होतं महिला मंडळ. इंग्रज व्हायला कॉलनीतले निवृत्त पुरुष मिळाले, कारण पांढरी पँट प्रत्येकाकडे होती. त्यांचे जनरल होते आमचे शेजारी, फर्निचरचं दुकान मुलांवर सोपवून मोकळे झालेले भाईजान.

सेनापती व्हायचं होतं माझ्या बायकोला. तिच्या तेल्हाऱ्याच्या शाळेत गॅदरिंगला दरवर्षी लढाई असायची, आणि ही बुटकी म्हणून दरवर्षी मेलेला सैनिक. पडदा पडेपर्यंत श्वास कोंडून पडायचं. सेनापती ठरलेली मुलगी व्हायची, कारण तलवार तिच्या घरची होती. इतिहासात याहून वेगळं फारसं घडलेलं नाही, पण बायकोला ते समजावण्यात अर्थ नव्हता.

कॉलनीच्या अध्यक्षांच्या मनात आपली सून होती.

"वहिनी, तुम्ही ज्येष्ठ. तुम्ही शहीद व्हा. मानाचं काम आहे."

"शाळेत लय मेली मी, भाऊ," बायको म्हणाली. "आता नाही मरत."

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला: जी घोड्यावर बसेल ती सेनापती. बायको पासष्टीच्या घरात, सून तिशीची. निकाल त्यांना दिसतच होता.

श्रावणात लग्नं नसतात, म्हणून वरातीची पांढरी घोडी सहज मिळाली. घोडीवाला म्हणाला, "गर्दीले भेत नाही जी, लय समजदार हाय." घोडीने सुनेकडे पाहून नाकातून फुर्र केलं. सून म्हणाली, "बाबा, मी पायीच लढते." बायको प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढली, घोडीवाल्याच्या खांद्याला धरून वर गेली, आणि तिथून तिने माझ्याकडे जे पाहिलं, तसं इतक्या वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं. मी लहान दिसत असणार.

गुडघे दुखणाऱ्या बायकांना शहिदांचं काम दिलं होतं, पळावं लागत नाही म्हणून. पण अध्यक्षांनी एक भर घातली होती. विजयानंतरही शहिदांनी प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत ताडपत्रीवर पडून राहायचं, म्हणजे साहेबांना बोलता बोलता त्यांच्याकडे हात करता येईल.

"अन् साहेब कितीक बोलतात?" बायकोने तालमीत विचारलं.

"ते कसं सांगणार? साहेब आहेत."

"म्हणजे ह्यायले निजवूनच ठेवता?"

अध्यक्ष हसले. त्यांना वाटलं, विनोद झाला.

पंधरा ऑगस्टला ध्वजवंदन आटोपलं. मैदानाच्या एका टोकाला घोडीवर सेनापती, मागे सैन्य, मध्ये इंग्रज, इंग्रजांच्या एका बाजूला ताडपत्रीवर आधीच मेलेल्या शहीद, आणि दुसऱ्या टोकाला झेंडूची कमान व स्टेज. साहेब हातात कागदांची जुडी घेऊन बसले होते. बँडवाल्यांनी देशभक्तीची धून सुरू केली. शब्द कोणते हे घोडीला काय माहीत? ढोल वाजला, एवढं तिला पुरे होतं. तिने पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने उचलले आणि नाचू लागली.

आमच्या सैन्याने आधी पदर तोंडाला लावले. मग पदर कमरेला गेले आणि फुगड्या सुरू झाल्या. चार पावलं गेल्यावर घोडी थांबली. वरातीत समोर कोणी नाचल्याशिवाय ती पुढे जात नसे, आणि समोर होते इंग्रज.

"भाभी, अब क्या?" जनरलनी तलवार खाली करून विचारलं.

"नाचा ना, भाईजान! त्याबिगर हे हालत नाही!"

भाईजाननी टोपी काढून बगलेत धरली, दुसरा हात वर केला आणि नाचत मागे सरकू लागले. त्यांच्यामागे सगळी इंग्रज फौज. मी पुस्तकांतून पुष्कळ माघारी वाचल्या आहेत, पण शत्रूकडे तोंड करून, तालावर, इतक्या आनंदाने घेतलेली माघार कुठल्याही लष्करी इतिहासात नाही.

कमानीखाली घोडी थांबली. तिच्या लेखी मांडव आला होता. अध्यक्ष हार घेऊन धावले. साहेबांनी कागद सरळ केले.

"उतर आता," मी हळूच म्हटलं.

"नाही उतरत."

"काहून?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघालं.

"नवरदेव उतरतो काय असाच? रुसली मी."

बँड थांबला. रुसलेल्या नवरदेवाशी कसं वागायचं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. अध्यक्षांनाही. त्यांनी हात जोडून विचारलं, "काय पाहिजे, वहिनी?"

बायकोने तलवार मागे ताडपत्रीकडे केली. "आधी मेलेल्यांले उठवा. मंग कॉलनीची एक चक्कर. साहेबांचं भाषण वापस आल्यावर."

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी घोडीकडे. घोडीने जागेवरच एक ठेका धरला. सगळ्यात आधी भाईजान वळले आणि पहिल्या शहीद काकूंचे दोन्ही हात धरून म्हणाले, "उठो आपा, आजादी आ गई." मग प्रत्येक इंग्रजाने एकेक शहीद उठवली. एकीला तिघे लागले. ती उठता उठता म्हणत होती, "कवाची पाठीखाली मुंगी चावून राहिली ना बाई, पण म्हटलं, मेली हावो आपण."

बँड पुन्हा सुरू झाला. साहेब स्टेजवर किती वेळ थांबले मला सांगता येणार नाही. घोडीवाला शहिदांत नाचत होता, म्हणून लगाम माझ्या हातात होता.

"नीट चाला," वरून हुकूम आला, "अन् घडीभर नाचा बी."

आमच्या फौजेत सेनापतीचा हुकूम पाळतात.