पंगतीत चुकून बसलेली भाबी

प्रिय अन्वी आणि ईशान,

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही इंग्रजीतून विचारलंत की, आजीच्या फ्रिजवरच्या फोटोत गाल फुगवून बसलेली ती बाई कोण. मी "शेजारीण" एवढंच म्हटलं, कारण तुमची शाळेची वेळ झाली होती आणि ती बाई फोनवर मावणारी नव्हती. आज समोरच्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड आलं, दारावर दुसरी पाटी लागली. तेव्हा ठरवलं, तपशील गोंधळायच्या आत हे नीट लिहून ठेवावं.

आमच्या समोरच्या भाबीइतकं आश्चर्य या पृथ्वीवर दुसऱ्या कुणालाही वाटलेलं नाही, हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. ती रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातली. नवरा इथे अमिरातीत, खोर फक्कानच्या बंदरावर क्रेन चालवायचा, म्हणून लग्नानंतर इकडे आली. तो गेल्यावर मुला-सुनेने तिला शारजात आमच्या समोर, आपल्या घरी आणून ठेवलं. इतकी वर्षं इथे काढूनही लिफ्ट बरोब्बर आपल्याच मजल्यावर थांबली की ती लिफ्टला माशाल्ला म्हणायची. तिच्याबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे अर्धा दिवस बाजूला काढणं. दुकानात ती पपईसमोर उभी राही, "एवढी मोठी झालीस गो!" असं तिला सांगे, आणि न घेताच पुढे जाई. मुलाचं ऑफिस दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये, ढगांच्या शेजारी म्हणावं इतकं वर. तिथे गेल्यावर आम्ही सगळे काचेतून तळं बघत होतो, आणि भाबी मात्र मुलाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "एवढ्या उंचावर याला जेवण कसं जातं?" तुमच्या आजोबांच्या मते हा प्रश्न त्या इमारतीत आजवर विचारलेला सर्वात शहाणा प्रश्न होता.

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. एवढं सगळं डोळे भरून बघणाऱ्या या बाईने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. काय हवं म्हणून विचारलं की ती हसून "इन्शाल्ला" म्हणे, आणि विषय खलास. त्यामुळे मुलाला कॅनडात नोकरी मिळाली, तेव्हा त्याने तिचेही कागद परस्पर तयार केले. तिचा इथला व्हिसा त्याच्या नोकरीवर. तो गेला की तिलाही जावं लागणार. मुलगा वाईट नाही हो, आईवर जीव टाकणारा आहे. पण कुठे जायचंय हे तिला विचारावं, हे त्याला सुचलंच नाही. मलाही मनातून वाटे, तिने काहीतरी करून इथेच राहावं. पण विचारलं मीही नाही.

जाण्यापूर्वी अम्मीला जग दाखवतो म्हणून तो आम्हा दोघींना व्हिएतनामला घेऊन गेला. त्या देशाच्या दक्षिणेला एक मोठी नदी समुद्राला मिळताना हाताच्या बोटांसारखी फाटते. तिथे सोक त्रांग म्हणून एक भाग आहे, आणि खमेर लोक तिथे फार जुन्या काळापासून राहतात. मुलांनो, तिथे भाबीला कुणी हसू शकलं नाही, कारण आमचीही तोंडं तिच्याइतकीच उघडी होती. एका देवळाच्या झाडांवर मोठाली वटवाघळं उलटी लटकलेली, फळं धरावीत तशी. भाबीने ओठांवर बोट ठेवून सगळ्या प्रवाशांना गप्प केलं. "झोपू देत गो. नाइट ड्यूटीवाले आहेत." दुसऱ्या देवळाच्या भिंतींना फुटक्या बशा नि वाडगे बसवलेले. बांधताना सामान कमी पडलं, तेव्हा गावकऱ्यांनी घरातली भांडी आणून दिली म्हणे. ती भिंत उन्हात अशी लखलखत होती की मी हात जोडले. भाबी प्रत्येक तुकड्यावर बोट फिरवत म्हणाली, "माझ्या सुनेने फोडलेल्या सगळ्या इथे लागल्या असत्या." नदीवर नागासारख्या लांबच लांब होड्यांची शर्यत लागली, तेव्हा ती काठावर उभी राहून दोन्ही होड्यांना "यल्ला, यल्ला" करत होती.

त्या संध्याकाळी पौर्णिमा होती, आपली त्रिपुरी पौर्णिमा. खमेर लोक त्या दिवशी चंद्राची पूजा करतात आणि नैवेद्याला काय ठेवतात, सांगा बघू? पोहे! नव्या भाताचे, हिरवट, नारळ घातलेले, बरोबर केळी आणि रताळी. पूजा आटोपली, मंडळी चटईवर ओळीने बसली, आणि एक म्हातारे गृहस्थ पोह्यांचं ताट घेऊन आले. कोकणातल्या बाईला याचा एकच अर्थ कळतो. "चांदोबाची पूजा त्यांची त्यांच्यापाशी, पंगतीला नाही म्हणू नये," असं म्हणत भाबी माझा हात धरून ओळीच्या शेवटी जाऊन बसलीसुद्धा. ती पंगत नव्हती. तो मुलांचा विधी होता. घरातला मोठा माणूस मुलाच्या तोंडात पोह्यांचा घास कोंबतो, पाठीवर थोपटतो आणि विचारतो, चंद्राकडून तुला काय हवं? आमचा गाइड संकोचाने लाल झाला. पण त्या म्हाताऱ्या खमेर आजोबांनी भाबीसमोर बसून तितक्याच गंभीरपणे तिच्या तोंडात घास भरला. तुम्ही विचारलेला फोटो मी नेमका तेव्हा काढला. मग त्यांनी तिला थोपटलं आणि विचारलं. गाइडने मुलाला इंग्रजीत सांगितलं, आणि मुलाला आईसमोर उकिडवं बसून ते मराठीत विचारावं लागलं.

"अम्मी, तुला काय हवंय, विचारतायत."

घास मोठा होता. ती सावकाश चावत राहिली, आणि सगळी ओळ वाट बघत राहिली.

"मला कॅनडाला नको नेऊ," ती म्हणाली. "गावाला जाऊ दे. तुझ्या बाबांनी आयुष्यभर क्रेन चालवून घर बांधलं. मी त्यात सुट्टीपुरती पाहुणी राहिले. ते मला नीट बघू दे."

आजोबा उत्तरासाठी थांबले होते. मुलाला ते सगळं स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत सांगावं लागलं. गाइडने आजोबांना सांगितलं. आजोबांनी वर चंद्राकडे पाहिलं, मग मुलाकडे बोट केलं. गाइड हळूच म्हणाला, "ते म्हणतात, एवढ्यासाठी चंद्र कशाला? हा इथेच तर बसलाय."

 मुलाने आईच्या हनुवटीला चिकटलेला पोह्याचा दाणा काढला. शारजाला परतल्यावर त्याने तिचे कॅनडाचे कागद रद्द केले आणि रत्नागिरीला जाऊन घराची वीज नि पाणी आधी सुरू करून आला.

तिला विमानतळावर सोडून आल्यावर कितीतरी दिवस मी चहाला दोन कप काढत होते. तिने माझ्या मनासारखं मागितलं नाही, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागितलं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं. आता शुक्रवारी नमाजानंतर तिचा फोन येतो. पूर्वेच्या खोलीत सकाळी ऊन कुठवर येतं, ते ती मला सविस्तर सांगते. सोफ्यांवरची प्लास्टिकची आवरणं तिने काढून टाकली आहेत. घर उघडं आहे, आणि भाबी त्यात राहते.