अकारविल्हे हजेरी

माणसं कामावर घेणं, त्यांना जागा नेमून देणं, कोण आलं कोण नाही ते पाहणं आणि वेळ पडली तर घरी पाठवणं, ह्या सगळ्याला आता मोठ्या कारखान्यांत वेगळं खातं असतं. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात मी लागलो तेव्हा ते खातं म्हणजे फाटकाजवळ निंबाखाली मांडलेलं एक टेबल होतं, आणि त्या टेबलाचा साहेब मी होतो. वय चोविशीच्या आतलं. अमरावतीला मॅट्रिक झालेलो, अक्षर चांगलं आणि डोक्यात हवा भरपूर. सरकारी कचेरीत चिकटायचं राहून गेलं होतं, म्हणून ह्या जिनाचीच कचेरी करून दाखवायची असं मी मनाशी ठरवलं होतं.

दिवाळी उलटली की तेल्हाऱ्याकडून, बार्शीटाकळीकडून कापसाने भरलेल्या बैलबंड्या यायला लागायच्या आणि जिनाचा हंगाम सुरू व्हायचा. आत रेचे होते, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं. एकेका रेच्यापुढे एकेक बाई उभी राहून त्याला कापूस भरवायची. अशा ऐंशी-एक बाया. दर हंगामाला त्यांची नावं नव्याने लिहून घ्यायची, आणि ते काम माझं.

पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. मला पूर्ण नाव हवं होतं, आणि पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं. ते कोणी बाई सांगेना. नाव विचारलं की ती खाली बघायची आणि तिच्या शेजारच्या रेच्यावरची बाई पुढे होऊन तिच्या नवऱ्याचं नाव सांगायची. मग हिची पाळी आली की ती सांगायची. अशा सगळ्या जोडीजोडीने टेबलाशी आल्या. त्यांत एक पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी बाई होती. तिचं घर मोर्णा नदीच्या काठी, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर तिच्या शेजारणीनेच दिलं. नाव, गाव, कितवा हंगाम, सगळं. म्हातारी नुसती हसून "हाव जी" म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्या दिवशी सगळ्याच बाया दुसरीच्या तोंडून बोलत होत्या.

माझ्या आधीचे बाबू नोकरीतून निवृत्त होऊन गावी गेले होते. ते हजेरीची नावंही अशीच जोडीजोडीने पुकारायचे. त्यांचं जुनं बुक मी उघडलं आणि मला हसू आलं. वर, खाली, मध्ये, कुठेही कोणाचंही नाव. मी दोन संध्याकाळी बसून नवं बुक केलं, सगळी नावं अकारविल्हे लावली, तांबड्या शाईने रेघा मारल्या. वर दोन नियम काढले. एक, नाव पुकारलं की उत्तर द्यायचं आणि लगेच आत जायचं, फाटकाशी घोळका नको. दुसरा, दुसरीच्या नावाला कोणी "हजर" म्हटलं तर दोघींनाही घरी पाठवीन. हे मी टेबलावर थाप मारून सांगितलं. मॅनेजरसाहेबांनी बुक पाहून "छान" म्हटलं, आणि मी दिवसभर मिशीवरून हात फिरवत हिंडलो.

हजेरी घेताना मी मान वर करत नसे. नाव पुकारायचं, "हाव जी" ऐकू आलं की खूण करायची, पुढचं नाव. चेहरे बघत बसलो असतो तर ऐंशी नावं भोंग्याच्या आत झाली नसती. असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला त्या बायांकडे बघायची गरजच वाटत नव्हती.

नव्या बुकाच्या पहिल्या दिवशी ठेंगण्या म्हातारीच्या नावाला उत्तर आलं नाही. मी गैरहजर लिहिलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी नाव दोनदा पुकारलं, बाया एकमेकींकडे बघत असल्यासारखी चुळबुळ झाली, पण माझ्या नियमाच्या धाकाने कोणी तोंड उघडलं नाही. सलग तीन दिवस गैरहजर तर नाव कमी, हा जिनाचा जुना कायदा. मी कागद केला, मॅनेजरसाहेबांची सही घेतली आणि फाटकावरच्या चौकीदाराला सांगून ठेवलं. तिन्ही दिवस ती बाई शेवटच्या घोळक्याबरोबर आत जाऊन आपल्या रेच्यावर दिवसभर राबली होती, हे मला कुठलं ठाऊक.

चौथ्या दिवशी चौकीदाराने तिला अडवलं. तिने भांडण केलं नाही. फाटकाबाहेर भिंतीला टेकून, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसून राहिली. दुपारपर्यंत. मी दोनदा तिच्यासमोरून गेलो. दुसऱ्यांदा मी थांबून म्हणालो, "बाई, तुमचं नाव कमी झालं आहे. घरी जा." ती उठून उभी राहिली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "हाव जी." आणि पुन्हा खाली बसली. मला वाटलं, ही आपली थट्टा करते आहे. मी तिच्यावर चांगला खेकसलो. माझ्या आवाजाने बंडीवाले वळून बघायला लागले. ती तशीच बघत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत तिची शेजारीण तडक टेबलाशी आली. तिच्या केसांवर, भुवयांवर रुईची बारीक कुसं बसलेली होती. तिने पदर सावरला नाही की आवाज खाली केला नाही.

"बाबू, माह्या बाजूचा रेचा काहून रिकामा हाय?"

"तीन दिवस ती गैरहजर होती."

"तिनी दिवस थे माह्या बाजूले उभी होती."

"मग हाकेला उत्तर का दिलं नाही?"

तिने मागे वळून फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिले आयकू येत नाई, बाबू. सात सालं झाले. जुने बाबू जोडीनं पुकारत, मी तिले कोपरानं ढोसत होती; आता माहं नाव पयले येते न मले आत जा लागते."

मला आधी रागच आला. सगळ्या जिनाला माहीत आणि माझ्या टेबलाला नाही. "हे आधी कोणी का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त तुमी ठेवली असती काय तिले?"

नसती ठेवली. कान, डोळे अधू असतील तर यंत्रावर घ्यायचं नाही, हेही माझ्याच कागदांत होतं. मी तसं म्हणालो. यंत्राचा पट्टा सुटला, कोणी ओरडलं, हिला कळलं नाही तर हात जायचा. तो जाब कोण देणार? शेजारीण माझं सगळं बोलणं ऐकून घेऊन म्हणाली, "तुमी कधी आत आले काय, भोंगा झाल्यावर?"

आलो नव्हतो. हंगाम सुरू होऊन आठवडा होत आला होता, आणि यंत्रं चालू असताना मी एकदाही आत पाऊल ठेवलं नव्हतं. धूळ फार, असं कारण होतं.

भोंगा झाल्यावर मी तिच्या मागोमाग गेलो. आत शिरलो आणि माझे कान बंदच झाले. आवाज पायांतून वर चढत होता. मी ओळीच्या टोकाला उभा राहून घसा ताणून एका बाईचं नाव घेतलं. माझं मलाच ऐकू आलं नाही. पाच हातांवरची ती बाई वळलीसुद्धा नाही. मग माझ्या लक्षात आलं की सगळ्या बाया बोलत होत्या. भरभर बोलत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या तोंडाकडे बघून. ओठ हलत होते, भुवया हलत होत्या, आणि कापूस भरवणारे हात थांबत नव्हते. शेजारणीने मला खूण केली, बघा, म्हणून, आणि कोपराने पुढचीला ढोसलं. तिने तिच्या पुढचीला. निमिषात ओळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांचे हात रेच्यांपासून मागे आले. पट्टा सुटला की त्या एकमेकींना अशाच सांगत होत्या. ओरडून तिथे कोणालाच काही कळलं नसतं.

बाहेर आल्यावर शेजारीण म्हणाली, "हे तोंडाकडे पाहून बोलनं आमाले तिनंच शिकवलं. नवी बाई आली का पयले तिच्या बाजूले उभी करतो. बाबू, घरी तिच्याशी कोनी बोलत नाई. बाजारात भाजी घेऊन बसली त गिऱ्हाइकाशी भाव जमत नाई, म्हनून सुना बसू देत नाईत. इथं आमी समद्याच बहिऱ्या. हंगामाचे पाच महिने थे मानसात असते. थे बी तुमी काढून घेतले."

लाज वाटली, असं लिहिलं तर ते थोडंच होईल. माझ्या त्या सुंदर बुकाचा मला मनापासून तिटकारा आला.

मॅनेजरसाहेब कडक पण सरळ होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "साहेब, ही बाई तिन्ही दिवस हजर होती. हजेरी मी चुकीची लिहिली."

"तिने उत्तर का नाही दिलं?"

खरं सांगितलं असतं तर बाई गेली असती. खोटं बोललो असतो आणि पुढे काही झालं असतं तर मी गेलो असतो. मी म्हणालो, "मी मान वर करून पाहिलं नाही, साहेब. समोरच होती ती."

त्यांनी चष्मा काढला. "कानात वगैरे काही दोष?"

"तिच्या कामात दोष नाही, साहेब. आत्ताच स्वतः आत जाऊन पाहून आलो आहे."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. त्यांना कळलं असावं असं मला आजही वाटतं. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि चूक माझी आहे असं माझ्या हाताने त्यावर लिहायला लावलं. पुन्हा अशी चूक झाली तर नाव तुमचं कमी होईल, हेही ऐकवलं. मी लिहिलं, सही केली. अक्षर चांगलं आलं नाही.

उन्हं कलायला लागली होती तेव्हा मी फाटकाबाहेर गेलो. ती तिथेच होती. भाकरीचं फडकं अजून सोडलेलं नव्हतं. मी घाईघाईने म्हणालो, "उद्यापासून या. तुमचं नाव परत लावलं आहे. उद्यापासून जोडीने पुकारीन, शेजारणीबरोबरच उभ्या राहा." ती हसली. "हाव जी."

तिला काही कळलं नव्हतं. ती हसते ते कशाने, हे मला आत्ता समजत होतं. मी तिच्यासमोर धुळीत उकिडवा बसलो आणि आत पाहिलं होतं तसं तोंड मोठ्ठं करून, आवाज न काढता, पुन्हा सांगायला लागलो. चौकीदार माझ्याकडे बघत होता, बघू दे म्हटलं.

तिने हात वर करून मला थांबवलं.

"हळू बोला, बाबू. घाईनं बोलले त दिसत नाई."

मी हळू बोललो. एकेक शब्द. ती माझ्या ओठांवरची नजर हलू देत नव्हती. सांगून झालं तेव्हा तिने मान हलवली, फडक्याची गाठ सोडली, आणि अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे धरली. मी नको म्हणालो. तिने ती खाली घेतली नाही.

"सात सालात हापिसातलं कोनी माह्यासंगं बोललं नोतं," ती म्हणाली. "तुमचं घर कुठचं? माय हाय काय घरी?"

मी अमरावतीचा, आणि आई दोन वर्षांमागे गेली होती. अकोल्यात मला हे अजून कोणी विचारलं नव्हतं. मी उत्तर देऊ लागलो तर माझे ओठ थरथरायला लागले, आणि थरथरत्या ओठांवरचं तिला वाचता येईना. ती भाकरी धरून थांबून राहिली.