आरशावरची टिकली

डबा परत द्यायला शेजारच्या सुमनताईंकडे गेले होते. दार उघडंच होतं. त्या आरशासमोर केस विंचरत उभ्या होत्या आणि त्यांचं कपाळ मोकळं होतं.

नवरा गेल्यावरही त्या बारीकशी मरून रंगाची टिकली लावायच्या. गल्लीत कुणी कधी त्याबद्दल बोललं नाही. मग यंदा संक्रांतीला आमच्या महिला मंडळाने विधवांसाठी खास हळदीकुंकू ठेवलं. कल्पना माझीच. माइकवरून मी त्यांचं नाव पुकारलं, सगळ्यांसमोर कुंकू लावलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. फोटो गावाकडे त्यांच्या दिरांपर्यंत गेले आणि तिकडून फोन सुरू झाले.

टिकली का सोडली, असं मी मागे विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "अहो, आधी कुणाचं लक्षच नव्हतं. आता भाजीवालीसुद्धा आधी कपाळ बघते." आणि वर मलाच चहा विचारला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. एका बाईने एकटीने, गुपचूप जे मिळवलं होतं, ते मी चव्हाट्यावर नेलं. तिला आधी विचारावं, एवढंही सुचलं नाही. चांगलं काम करायची इतकी कसली घाई होती मला?

ती मरून टिकली आता आरशाच्या काचेवर चिकटवलेली होती. सुमनताईंनी मान जरा खाली घेतली, किंचित डावीकडे नेली. टिकली आरशातल्या भुवयांच्या बरोबर मध्ये आली, तशा त्या क्षणभर थांबल्या.

मी डबा घेऊन तशीच मागे फिरले.